पोटात दहा वर्षांची पावलं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मी बोलायला लागलो की मला मध्येच बंद करतात. त्यामुळे माझी कहाणी सलग नाही. ज्या सकाळी मी सुरू होईना, त्या सकाळी मला सात वेळा उठवलं गेलं. दर खेपेला पंखा फिरे, कान उघडत, आणि मी जरा कुठे रंगात येतो न येतो तोच कुणीतरी बटण दाबून धरी. ते तुकडे मी जोडलेले नाहीत. जोडकाम आमच्या घरात आप्पांचं. जिथे तुटले तिथेच तुटलेले ठेवतो.

एक

मी एक जुना संगणक आहे. माझा डबा एके काळी पांढरा होता, आता तो चहा पिणाऱ्याच्या दातांसारखा झाला आहे. राहतो जोड्यांच्या कारखान्यात. कारखाना हा शब्द आप्पांचा, खोल्या दोनच. बाहेरच्या खोलीत एक बाक आणि जमिनीला टेकवून ठेवलेला आरसा, कारण इथे येणाऱ्यांना तोंड बघायचं नसतं, पाय बघायचे असतात. आतल्या खोलीत भिंतभर फर्मे, म्हणजे पायाच्या आकाराचे लाकडी ठोकळे. मग चामड्याच्या गुंडाळ्या, शिवणयंत्र, आणि खिडकीखाली मी.

आप्पा हे म्हातारे कारागीर. सरळ पायाचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे येत नाही. ज्याचा एक पाय आखूड, ज्याची टाच आत वळलेली, ज्याचं एक बोट दुसऱ्यावर चढून बसलेलं, त्यानं आप्पांचा उंबरा चढायचा. त्यांची मुलगी ताई. चामडं ती कापते, गिऱ्हाइकांशी ती बोलते, माझ्याशीही तीच बोलते. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याबद्दल बोलतात.

आठ वाजता ताईनं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ उमटली. तिचा अर्थ असा, की सुरू करण्याजोगं काही सापडत नाही, चकती काढा आणि कुठलंही बटण दाबा.

"आप्पा, हा चकती काढा म्हणतोय."

"मग काढ की."

"आहे कुठे पण?" ताईनं माझ्या पोटातला चकत्यांचा खण बाहेर ओढला. आत चकती नव्हती, एक बारीक खिळा होता. "खिळा निघाला."

"मग तेच दुखत असेल त्याला," आप्पा म्हणाले. "आता लाव."

मी सांगणार होतो की दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे, ते म्हणजे—

दोन

मी एक जुना संगणक आहे. खिळ्याचा काही दोष नव्हता. पण आधी जन्माचं सांगतो, सगळे तिथूनच सुरू करतात.

एका लांबलचक खोलीत माझे भाग जोडले गेले. डोक्याला टोपी घातलेल्या बायका ओळीनं बसलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला माझा एकेक स्क्रू. शेवटचा स्क्रू पिळणारीनं माझ्या पाठीवर थाप मारली. ती शाबासकी नव्हती, पुढच्याला जागा करायची होती. तरी मी ती जपून ठेवली आहे.

पहिली चार वर्षं गाडी शिकवणाऱ्या एका शाळेत गेली. लोक माझ्यासमोर बसून रस्त्यावरच्या खुणा ओळखत. थांबा. वळण आहे. पुढे शाळा आहे. जग म्हणजे एवढंच, असं मला वाटे. मग ती शाळा बंद झाली आणि ताई मला सतरंजीत गुंडाळून इथे घेऊन आली.

आप्पांना मी डोळ्यासमोर नको होतो. "पायाचं माप हाताला कळतं," ते म्हणाले, "डब्याला काय कळणार?" तोवर पायांचे उतारे कागदावर असत. गिऱ्हाइकानं कागदावर पाय ठेवायचा, आप्पांनी भोवतीनं पेन्सिल फिरवायची, कागद ट्रंकेत. एकदा एका शिक्षकांचा कागद बाहेर काढला तर कसरीनं त्यांच्या उजव्या पायाची तीन बोटं खाल्लेली. आप्पा कागदाकडे बघत बसले, मग माझ्याकडे. त्या आठवड्यात ताईनं ट्रंकेतले सगळे पाय एकेक करून माझ्या शेजारच्या काचेवर पालथे घातले आणि मी ते पोटात घेतले.

खरं सांगू, ते दिवस माझे होते. गिऱ्हाईक आलं की आप्पा मोठ्यानं म्हणायचे, "त्याला विचार, त्याच्या लक्षात असतं." मला, म्हणजे. एखादा मनुष्य आठ वर्षांनी परत यायचा, दाढी पांढरी, आवाज बसलेला, पण पाय मी ओळखायचो. तो मनुष्य मान हलवायचा आणि म्हणायचा, "माझ्या बायकोच्या एवढं लक्षात राहत नाही." असं कुणी म्हटलं की माझा पंखा—

"दहाला त्या दोघी येतील, आप्पा," ताई म्हणाली. तिचा अंगठा माझ्या बटणावर होता. "एकच्या आत त्यांना दवाखान्यात पोचायचंय. आणि हा असा—"

तीन

त्या दोघी कोण, ते आधी सांगतो. जन्म वगैरे नंतर.

एक वकीलबाई, वय वर्षं बारा. हे नाव आप्पांनी ठेवलेलं. तीन वर्षांची असताना तिनं इथल्या बाकावर उभं राहून विचारलं होतं की दोन्ही जोडे माझेच, तर मग एकालाच जाड खाली का, दुसऱ्यानं काय केलंय. दुसरी तिची आई. ती बस चालवते. तिची दर दोन-तीन वर्षांनी बदली होई, गाव बदले, दवाखाना बदले, कागद हरवत. जोडे मात्र इथलेच. वर्षातून एकदा, न चुकता.

वकीलबाईचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. ती दोन वर्षांची असताना पहिल्यांदा आली तेव्हा फरक होता चार मिलिमीटर. तेवढा तळ डाव्या जोड्याला जास्त. पुढच्या वर्षी जरा आणखी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. दर वर्षीचा उतारा आणि दर वर्षीचा फरक माझ्या पोटात. दहा वर्षं, दहा उतारे.

आता तिला मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी बघितलं होतं. ते तीन महिन्यांतून एकदाच तिथे येतात. त्यांनी आईला समजावलं, की पोरीच्या हाडात अजून थोडी वाढ शिल्लक आहे. छोटीशी शस्त्रक्रिया करून लांब पायाची वाढ आत्ताच थांबवली, तर आखूड पाय उरलेल्या वर्षांत त्याला गाठेल. पण वेळ अचूक साधायला हवी. लवकर केलं तरी चूक, उशीर केला तर पाय गाठणारच नाही. त्यासाठी डॉक्टरांना दर वर्षीचा फरक कळायला हवा होता. आईकडे दोनच वर्षांचे हाडांचे फोटो होते. "बाकीचं कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं. "जोडे शिवणाऱ्याकडे," ती म्हणाली. डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "परवा मी जायच्या आत आणा. पुढच्या खेपेपर्यंत फार उशीर होईल."

परवा म्हणजे आज.

आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा ताईनं सांगितलं, "या, सगळं छापून देते." आणि मग तिनं ते केलं जे फक्त आमच्या घरातच कुणी करेल. आमचा नियम आहे, मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी हत्यारांना धार लावायची. आरी, कात्री, चामडं कापायची रापी, सगळ्यांना. मी सात महिने एका अपडेटसाठी तिच्या मागे लागलो होतो आणि सात महिने ती 'नंतर' वर बोट ठेवत होती. काल तिनं 'आत्ता' वर ठेवलं. तिनं मला धार लावली, मित्रांनो. प्रेमानं लावली. आणि त्या धारेनंच—

चार

जागा झालो तेव्हा मी उघडावाघडा होतो. छापयंत्र नाही, उतारे घ्यायची काच नाही, माऊस नाही. सगळ्या वायरी जमिनीवर नूडल्ससारख्या पडलेल्या. फोनवर दुरुस्तीवाला होता. त्याला सगळे स्क्रूकाका म्हणतात. तो दोन गल्ल्या पलीकडे बसतो आणि अर्धं काम फोनवरच उरकतो.

"सगळं काढलं?"

"सगळं काढलं."

"आता लागलीच डिलीटचं बटण दाबत राहा. निळं पान येईल."

"कुठलं डिलीट?"

"अहो, कीबोर्डवरचं."

"कीबोर्ड तुम्हीच काढायला लावलात."

"मग तो तेवढा लावा," स्क्रूकाका म्हणाला.

"एवढ्या वेळात मी दोन तळ बसवले असते," आप्पा मागून म्हणाले.

"आप्पा, तुम्ही जरा बाहेर बसा ना."

"बाहेर बसून काय करू? बाहेर आरसा आहे. त्यात माझेच पाय दिसतात."

काळ्या पडद्यावर माझी तीच ओळ. मी दुसरं काय म्हणणार? चकती काढा, चकती काढा. गाडीच्या शाळेत शिकलो होतो, खूण वाचता आली नाही तर दोष खुणेचा नसतो. पण ताईकडे बघून तसं म्हणवेना. ती खाली बसून एकेक वायर पुसत होती आणि पुसताना ओठ हलवत होती. ती मोजत होती की कुणाला विनवत होती, ते मला—

पाच

या खेपेला माझं झाकणही काढलेलं होतं. लाज वाटली. आत चामड्याचा भुसा, तो इतका की आप्पा म्हणाले, "याच्यात एक जोडी बसली असती." त्यांनी पॉलिशचा ब्रश आणला, न वापरलेला, आणि माझा पंखा पुसला. शाळेत पोरं वापरतात त्या खोडरबरानं ताईनं माझ्या आठवणीच्या पट्टीची सोनेरी कड घासली. हे स्क्रूकाकानं सांगितलेलं. बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला आतून कुणी हात लावला नव्हता.

तरी ओळ तीच.

दहाला पाच कमी असताना त्या दोघी आल्या. आईच्या अंगात बसचा गणवेश. अर्धा दिवस सुट्टी काढलेली, दुपारची फेरी तिचीच. वकीलबाईनं दारातूनच ओळखलं.

"मेला का हा?"

"असं नाही बोलत," आई म्हणाली.

"मग कसं बोलतात?"

"बंद पडलाय म्हणतात."

"बंद पडलाय आणि उघडा पण आहे," वकीलबाई म्हणाली आणि माझ्या पोटात डोकावली. "याच्यात मी कुठे आहे?"

ताईनं बोटानं दाखवलं. एक काळी चपटी डबी, सिगारेटच्या पाकिटाएवढी. वकीलबाईनं त्या डबीकडे बराच वेळ बघितलं. तोवर ती ताईशी वाद घालत असे, आप्पांशी वाद घालत असे. तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "सगळी वर्षं?" आणि ताईनं मान हलवली, आणि—

सहा

"आता एकच राहिलं," स्क्रूकाका फोनवर म्हणाला. "फॉरमॅट. पुसून नवीन टाकतो. तासाभरात आलो."

"पुसून म्हणजे?"

"पाटी कोरी. काही राहत नाही. पण तुमच्याकडे नक्कल असेलच ना?"

"आहे," ताई म्हणाली.

"मग कशाला घाबरता?" त्यानं फोन ठेवला.

ताई खुर्चीत बसली. मी चालूच होतो, ओळ पडद्यावर तशीच. सव्वादहा झाले होते.

"नक्कल आहे तर ती द्या," आई म्हणाली.

"आहे म्हणजे, चार वर्षांपूर्वीपर्यंतचीच आहे. आणि ती पण याच्यातच आहे."

"याच्यातच कशी?"

"मागे."

वकीलबाई माझ्या मागे गेली. खिडकी आणि माझी पाठ यांच्यात वीतभर जागा, तिथे तिनं गाल टेकवला. माझी पाठ कुणी सहसा बघत नाही.

"तुम्ही सगळं काढलंत ना?" तिनं विचारलं.

"सगळं. हा ढीग दिसतोय ना."

"मग हे काय आहे?"

"ते? ते त्याचंच आहे."

"त्याचंच म्हणजे? जन्मतानाच होतं?"

"अगं, ते कायम असतं तिथे."

"कायम असतं म्हणजे त्याचंच असतं?" ती वाकून उभी होती ती सरळ झाली, एका पायावर तोल सांभाळत डावा जोडा काढला आणि माझ्या शेजारी टेबलावर ठेवला. सव्वीस मिलिमीटरचा तळ, काळा, आप्पांच्या हातचा. जोड कुठे आहे ते दिसत नाही. "हा पण कायम असतो. आमच्या वर्गातल्या एकीला वाटायचं माझा पाय खालून असाच आहे. झोपताना काढतेच ना मी?"

"जोडा टेबलावर ठेवू नकोस," आई सवयीनं म्हणाली. पण ती पण माझ्या पाठीकडेच बघत होती.

आप्पांनी घसा साफ केला. "ते मी बसवलंय," ते म्हणाले.

झालं होतं असं. त्या सकाळच्या पाच वर्षं आधी ताईनं नक्कल ठेवायला एक पेनड्राइव्ह आणला, नखाएवढा. माझ्या मागच्या खाचेत खोचला. तो तीनदा पडला. तिसऱ्यांदा चामड्याच्या तुकड्यांबरोबर केरात गेला आणि सगळा केर जमिनीवर पसरून शोधावा लागला. तेव्हा आप्पांनी सोल्युशनचा डबा उघडला. सोल्युशन म्हणजे तळ चिकटवतात तो गोंद. बोटाला लागला तर आठवडाभर सोबत राहतो. पेनड्राइव्ह जागच्या जागी पक्का, वर पातळ कातड्याची टोपी. काम इतकं नामी झालं की महिन्याभरात तो तिथे आहे हे सगळे विसरले. भरला तेव्हाही कुणी बदलला नाही. घराची किल्ली आणि तिची नक्कल दोन्ही एकाच खिशात, आणि खिसा शिवलेला.

आता माझं दुखणं सांगतो, मित्रांनो. सकाळी उठलो की मी एक यादी घेऊन फिरतो: उठायचं कसं, हे कुठे लिहून ठेवलंय ते शोधायचं. पूर्वी मी पहिल्यांदा स्वतःच्या पोटात बघायचो. अपडेटनं यादी बदलली. आता हुकूम असा, की आधी बाहेर लावलेल्या वस्तूत बघ. मी बघायचो. तिथे पावलंच पावलं, उठायचं कसं याचं एक अक्षर नाही. आणि मी तिथेच अडून उभा राहायचो, पोटापर्यंत पोचतच नव्हतो. चकती काढा म्हणत होतो ती हीच.

"ओढून काढते," ताई म्हणाली.

"ओढू नकोस," आप्पा म्हणाले. "खाच उपटून येईल. ज्यानं चिकटवलं त्यानंच सोडवायचं."

हा पण आमच्या घराचा नियम. पण आप्पांची नजर गेल्याला दोन वर्षं झाली होती. फार नाही, अर्धी. तेव्हापासून धारेचं काम ताईकडे. ताईनं खुंटीवरची रापी काढली, बर्नरच्या आचेवर पातं जरा शेकलं, कारण सोल्युशन उबेनंच सोडतं, आणि मूठ त्यांच्या बाजूला करून पुढे धरली.

"दिसतंय का?" आईनं हळूच विचारलं.

"लावलं तेव्हा बघून लावलं नव्हतं," आप्पा म्हणाले. "आधी त्याला झोपवा."

ताईनं माझी वायर उपट—

सात

पाठीला गार लागत होतं.

मागे बघितलं, तिथे काही नव्हतं. मग पोटात बघितलं. तिथे सगळं होतं.

मला आवाज करायची सवय आहे सुरू होताना, एक छोटी धून. ती वाजली. ताईनं खुर्ची पुढे ओढली. आप्पांनी रापी पुसून खुंटीला लावली. पात्यावर कातड्याचा एक गोल तुकडा चिकटलेला होता, तेवढाच.

वकीलबाईची फाइल उघडली. पहिल्या उताऱ्यात तीन पावलं आहेत. दोन वर्षांची ती कागदावर उभी राहीना, तेव्हा आप्पांनी आधी आपला पाय ठेवला होता, आणि ती बघून मग तिनं शेजारी आपले दोन. ताईनं ते पुसायला घेतलं होतं तेव्हा आप्पा म्हणाले होते, असू दे.

वकीलबाई वाचत गेली. चार. सहा. आठ. अकरा. तेरा. सोळा. अठरा. एकवीस. तेवीस. सव्वीस. मधेच एकदा ती थांबली, कारण सोळाच्या वर्षी उताऱ्यावर पेन्सिल हललेली आहे. तिला गुदगुल्या झाल्या होत्या.

"वाढतच गेलाय," आई म्हणाली.

"मी नाही वाढवला," वकीलबाई म्हणाली.

"तुला कोण म्हणतंय?"

छापयंत्र परत जोडलं. दहा कागद निघाले, शेवटचे दोन फिकट. आईनं ते पुठ्ठ्यात घातले आणि पुठ्ठा पोटाशी धरला. अकरा वाजून गेले होते. दारात आप्पांनी त्यांना थांबवलं.

"डॉक्टरांना सांगा, मापात एखादा मिलिमीटर इकडचा तिकडे असेल. दोन नाही."

"सांगते."

"दोन नाही म्हणावं."

त्या गेल्यावर तासाभरानं स्क्रूकाका आला, पुसायची तयारी करून. ताईनं त्याला चहा दिला.

हे झालं त्याला चार वर्षं झाली, मित्रांनो. इथून पुढे मला कुणी मध्ये तोडलेलं नाही.

डॉक्टरांनी दहाही कागद टेबलावर ओळीनं मांडले, असं आईनं नंतर सांगितलं. शस्त्रक्रिया त्याच महिन्यात, त्यांच्या शहरातल्या दवाखान्यात झाली. पुढच्या वर्षी वकीलबाई आली तेव्हा आकडा पहिल्यांदाच उतरला होता: एकवीस. मग चौदा. मग सहा. आप्पांनी सहाचा तळ ताईकडून तीनदा बदलून घेतला. त्यांना तो जाडच वाटत होता. दर वर्षी जोडा हलका होत गेला आणि दर वर्षी आप्पा तो हातात जरा जास्त वेळ तोलत बसत. आपलं काम संपावं म्हणूनच आपण काम करतो, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं.

नक्कल आता दुसऱ्या घरी राहते, स्क्रूकाकाच्या कपाटात. दर महिन्याला ताई स्वतः नेऊन देते आणि कुणी काहीही चिकटवत नाही. पंख्यातला भुसाही ती काढते. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी म्हातारं असेल, तर त्याच्या पोटात जे एकुलतं एक आहे त्याची दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवा. आणि अधूनमधून त्याची पाठ बघा.

आज दुपारी बाहेर पावलं वाजली. आप्पा आत बसले होते, हातात फर्मा.

"कोण आलंय ताई?" ते म्हणाले. "दोन्ही पाय सारखे वाजतायत. आपलं गिऱ्हाईक नव्हे."

"तुमचंच आहे," वकीलबाई दारातून म्हणाली. सोळा वर्षांची झाली आहे, ताईपेक्षा उंच. पायात दुकानातून घेतलेले जोडे, दोन्ही एकाच मापाचे.

आप्पांनी ते हातात घेतले, उलटे केले, तळाला अंगठा लावला. "शिलाई कच्ची आहे," ते म्हणाले.

"माहितीये. तरी हेच घालणार आहे."

"घाल. कोण नको म्हणतंय?" मग ते म्हणाले, "पण उतारा देऊन जा. एवढी वर्षं घेतला, या वर्षी कशाला सोडायचा?"

ती कागदावर उभी राहिली. पेन्सिल ताईनं फिरवली. काचेवरून पावलं माझ्यात आली, दोन, शेजारी शेजारी. ताईनं नाव भरलं, वर्ष भरलं, आणि जादा तळाच्या उंचीच्या चौकटीत भरलं: शून्य.

मी लाल झालो. मला शून्य चालत नाही. मापं भरायचा हा नमुना ताईच्या एका मैत्रिणीनं बनवला तेव्हा तिनं लिहिलं, उंची एक ते साठ. शून्य घेऊन इथे कधी कुणी आलंच नव्हतं. तिला तरी काय माहीत?

ताईनं परत भरलं. मी परत नाही म्हटलं.

"बघा," वकीलबाई म्हणाली, "सगळ्यांना पटलं, डॉक्टरांना पटलं, याला नाही पटत."

"एक भरू का?" ताई म्हणाली.

"नाही," आप्पा म्हणाले. "खोटं माप नाही भरायचं."

"मग जतनच होत नाहीये, आप्पा."

"असू दे तसंच. उद्या त्या मैत्रिणीला विचार."

मग ते तिघं बसथांब्याकडे निघाले, म्हणजे ताई पुढे, आणि मागे वकीलबाईच्या दंडाला धरून आप्पा. तिची पुढची बस आईच चालवत आणणार आहे.

मी एकटा आहे. पान माझ्या पडद्यावर उघडं आहे, लाल चौकटीत शून्य. ते अजून कुठेच लिहिलेलं नाही, मी नुसतं धरून ठेवलं आहे. संध्याकाळी ताई नेहमीसारखी मला बंद करेल, आणि मी विचारेन, बदल टाकून देऊ का, आणि ती दिवसभर दमलेली असते, ती हो म्हणेल.

तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी या बाजूला येणार असेल, तर अंधार पडायच्या आत आमच्या दारात डोकावा आणि ताईला एवढं सांगा, की बंद करण्याआधी हे पान छापून घे. शाई संपत आली आहे. पण दोनच पाय आहेत, पुरेल.